एकर मोजून झाले, आता कॉटी मोजा

विद्यापीठाचे आवार वाढले की त्याची बातमी होते. किती एकर जागा मिळाली, किती मजली इमारत झाली, कोनशिला कुणाच्या हस्ते बसली, हे सगळे छापून येते. शेतकऱ्याच्या घरात मात्र ही बातमी वेगळ्या कानांनी ऐकली जाते. हाताशी आलेले पोरगे किंवा पोरगी पुढे शिकायचे म्हणते, तेव्हा आई-बाप इमारतीची चौकशी करीत नाहीत. "राहणार कुठं, खाणार काय, आन् महिन्याला किती लागतील?" एवढेच त्यांचे विचारणे असते. या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर ती वाढ नकाशावर कितीही मोठी दिसो, बांधावरून काही दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्याने गेल्या वीस-बावीस वर्षांत आपले विद्यापीठ उभे राहताना पाहिले. ही चांगलीच गोष्ट झाली, त्यात शंका नको. पण विद्यापीठ आले आणि वाढले, त्याच्या बरोबरीने विद्यार्थ्याची सोय वाढली का, हे गावाने विचारायला हवे. कारण त्या आवारात शिकणारी बरीचशी पोरे आपल्याच गावांतली आहेत.

कोल्हापूरची वारी संपली

जुन्या माणसांना आठवत असेल. १९६२ साली १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी आपल्या भागातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि ते विद्यापीठही १९४९ सालचे. कोल्हापूरचे विद्यापीठ झाल्यावर सोलापूर जिल्हा तिकडे जोडला गेला. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी सागरमाळाच्या उघड्या माळावर ते विद्यापीठ उभे केले. दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना पदवीची वाट त्यामुळे सोपी झाली, हे मान्य केले पाहिजे.

पण सोलापूरहून कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. करमाळा किंवा अक्कलकोटच्या माणसाला तर त्याहून लांब. एखाद्या कागदासाठी कोल्हापूर गाठायचे म्हणजे दोन दिवस मोडायचे, मुक्काम करायचा आणि भाड्याचे पैसे वेगळे. साहेब रजेवर असला की पुन्हा तेच. घरात जनावरे बांधलेली, पिकाला पाणी द्यायचे, आणि बाप पोराच्या कागदासाठी कोल्हापूरच्या गाडीत बसलेला, हे चित्र अनेक गावांना ठाऊक आहे.

म्हणून १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याला खरोखर आनंद झाला. सोलापूर-पुणे रस्त्यावर केगावजवळ शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते, त्याच्या पायावर हे विद्यापीठ उभे राहिले. डॉ. इरेश स्वामी हे पहिले कुलगुरू. फक्त एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ, ही राज्यात वेगळीच गोष्ट होती. एका जिल्ह्यावर विद्यापीठ चालेल का, अशी शंका काढणारेही होते. ते चालले. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले.

ही वाट एकट्या सोलापूरची नाही. मराठवाड्यात १९५८ साली एक विद्यापीठ झाले, त्यातून १९९४ साली नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळे निघाले. खानदेशासाठी १९९० साली जळगावला विद्यापीठ झाले. नागपूरच्या विद्यापीठातून १९८३ साली अमरावतीचे आणि २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ निघाले. मोठ्या वडाला पारंब्या फुटाव्यात तशी ही विद्यापीठे गावांच्या जवळ सरकत आली. सरकारी कागदावर अंतर कमी झाले. आता विद्यार्थ्याच्या पायाखालचे अंतर किती कमी झाले ते पाहू.

अंतर किलोमीटरचे नव्हे, शेवटच्या गाडीचे

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. शिकणारी पोरे आपापल्या तालुक्याच्या कॉलेजात जातात. विद्यापीठाच्या आवारात प्रत्यक्ष शिकायला जातात ती प्रामुख्याने एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. आणि त्यापुढच्या संशोधनाची मुले. म्हणजे घरात पदवी झालेले, वय एकवीस-बावीस, लग्नाच्या गोष्टी सुरू झालेल्या. मुलगी असेल तर त्याहून घाई. या वयात शिकायला पाठवायचे की नाही, हा निर्णय एका धाग्यावर टांगलेला असतो.

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. केगावपासून मोहोळ जवळ, ३० किलोमीटरच्या आसपास. अक्कलकोट ४० च्या पुढे. पंढरपूर आणि बार्शी ७० च्या घरात. सांगोला ८० च्या पुढे. माळशिरस आणि करमाळा तर १०० च्याही पुढे. मोहोळचा विद्यार्थी रोज जाऊन-येऊन करू शकतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्याला आधी सोलापूरच्या स्टँडवर उतरायचे, शहर ओलांडायचे, मग दुसरे वाहन धरून केगावला पोचायचे. करमाळ्याच्या विद्यार्थ्याने रोज येतो म्हटले, तर जाण्या-येण्यातच सहा-सात तास जातील. त्याने ग्रंथालयात बसायचे कधी आणि प्रयोग करायचा कधी?

त्यातही एस.टी.चे वेळापत्रक म्हणजे गावाचे घड्याळ. तालुक्याच्या गावापर्यंत गाडी मिळते, पुढे वाडी-वस्तीवर जायला संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की खेळ खलास. प्रयोगशाळेतला तास लांबला, की घरी पोचेपर्यंत रात्र. मुलाचे एक वेळ निभावते. मुलीचे दोनदा असे झाले, की तिसऱ्यांदा घरातून सांगितले जाते, "बास झालं आता शिक्षान." ती मुलगी गळाली, तर विद्यापीठाच्या कागदावर एक गैरहजेरी लागते. आपल्या गावात मात्र एक शिक्षिका, एक अधिकारी, एक संशोधक कमी होते.

एस.टी.ने विद्यार्थ्यांसाठी काही केले नाही असे नव्हे. विद्यार्थ्याच्या मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे, एक तृतीयांश पैसेच भरावे लागतात. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. पण बारावी झाली की मुलीचा फुकट पास संपतो. नेमके जेव्हा लांब जायचे असते, तेव्हाच हा आधार सुटतो. शिवाय सवलत तिकिटाला असते, गाडीला नसते. गाडीच नसेल तर पास खिशात ठेवून काय करायचे?

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत गाड्या सुरळीत झाल्या नाहीत. त्या पाच-सहा महिन्यांत एक गोष्ट सगळ्यांना कळली. ज्याला विद्यापीठाच्या आवारात कॉट होती, त्याचे शिक्षण चालू राहिले. जो रोज येऊन-जाऊन करीत होता, तो वडापच्या जीपला लोंबकळला किंवा घरी बसला. कामगारांच्या मागण्या हा वेगळा विषय आहे. पण मुक्कामाची सोय म्हणजे चैन नव्हे, हे त्या संपाने दाखवून दिले. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला जादा गाड्या लागतात, तेव्हा रोजच्या फेऱ्यांची ओढाताण होते, हाही आपला नेहमीचा अनुभव आहे.

जून महिन्यातली कुचंबणा

शहरातल्या माणसाला एक गोष्ट पटकन कळत नाही. शेतकऱ्याचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. उसाचे बिल गाळप झाल्यावर. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण ते किती वेळा घडते हे ऊसकऱ्याला विचारा. मंगळवेढा-बार्शीकडच्या ज्वारीचे पैसे शिमग्याच्या पुढे-मागे. सांगोल्याच्या डाळिंबाचे बागेच्या बहरावर आणि रोगाच्या मर्जीवर. हातात नियमाने येतो तो दुधाचा पगार, दर दहा दिवसांनी. कितीतरी पोरांची मेस या दुधाच्या पगारावर चालते. दुधाचा दर पडला, की सोलापुरातल्या खोलीत एक वेळचे जेवण कमी होते. हा संबंध कुठल्या अहवालात सापडायचा नाही, पण घरोघरी तो ठाऊक आहे.

आणि प्रवेशाचा हंगाम कधी? जून-जुलै. म्हणजे बियाणे, खते, पेरणी सगळे एकदम अंगावर आलेले. सोसायटीचे कर्ज नवे-जुने करण्यात सगळा जीव अडकलेला. त्याच महिन्यात कॉलेजची फी, पुस्तके, आणि बाहेर खोली घ्यायची तर डिपॉझिट आणि एक महिन्याचे भाडे आगाऊ. कॉट बेसिसवर जागा घेतली तरी सुटका नाही. शेतकऱ्याचा खिसा वर्षात सगळ्यात रिकामा असतो, तेव्हाच शिक्षणाचा खर्च सगळ्यात जास्त. पाऊस लांबला तर विचारूच नका.

यावर पोरांनी आपापले उपाय शोधले आहेत. चौघांनी मिळून एक खोली, आळीपाळीने स्वयंपाक. कुणाचा डबा रोज गावच्या एस.टी.तून येतो. आई पहाटे उठून ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एखादी कोरडी भाजी बांधते, बाप स्टँडवर गाडीत ठेवतो, आणि पोरगे सोलापूरच्या स्टँडवर जाऊन डबा उतरवून घेते. कडक भाकरी चार दिवस टिकते, तिचाही उपयोग होतो. यातल्या मायेचे कौतुक आहेच. पण त्या पोराचा रोजचा तास-दीड तास डबा आणण्यात जातो आणि आवारात धड खानावळ असती तर तो वाचला असता, हेही तितकेच खरे.

वसतिगृहाचा प्रश्न म्हणून भाड्याच्या पैशापुरता नाही. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी संध्याकाळी ग्रंथालयात बसू शकतो. वरच्या वर्गातल्या मुलाकडून दोन गोष्टी शिकतो. नेट-सेटची, स्पर्धा परीक्षेची तयारी चार जणांत होते. खेळाच्या मैदानावर जातो, युवा महोत्सवात भाग घेतो. रोज गाडी पकडणारा विद्यार्थी तास झाला की पळतो. दोघांची पदवी एकच, गुणपत्रिकाही सारखीच दिसते. पण एकाला विद्यापीठ मिळाले आणि दुसऱ्याला फक्त परीक्षा मिळाली.

आधी बोर्डिंग, मग शाळा

या भागाला हे कुणी नव्याने शिकवायला नको. बहुजन समाजाच्या पोरांचे शिक्षण पश्चिम महाराष्ट्रात वाढले ते वसतिगृहांतून. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू करून दिले आणि पुढे एकेका समाजाची बोर्डिंगे निघत गेली. कोल्हापुरात शाळा आधीही होत्या. पण खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा नव्हती. महाराजांनी ती अडचण ओळखली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला जेवत, स्वतः राबत आणि शिकत. आपल्या बार्शीतही कर्मवीर जगदाळे मामांच्या शिक्षणकार्याची सुरुवात बोर्डिंगपासूनच झाली. या माणसांजवळ मोठ्या इमारती नव्हत्या. त्यांनी आधी पोराच्या पोटाची आणि पाठीची सोय केली, भिंती नंतर बांधल्या.

कमवा आणि शिका ही योजना त्याच परंपरेतली. शिवाजी विद्यापीठाने तिच्यासाठी विद्यार्थी भवन उभे केले, तिथे राहून, आवारात काही तास काम करून शेकडो पोरे शिकली. योजना आता अनेक विद्यापीठांत आहे. पण ज्याला राहायलाच जागा नाही, त्याने संध्याकाळचे दोन तास काम करायचे आणि मग शेवटची गाडी कशी गाठायची? कमवा आणि शिका योजनेला सुद्धा आधी कॉट लागते.

फी माफ, पण भाकरीचे काय?

सरकारने फीच्या बाबतीत बरेच केले आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय मोलाचा आहे. पण माफ झाली ती फी. खोली, मेस, प्रवास, पुस्तके यांना माफी नाही. गावच्या मुलीच्या बाबतीत हा खर्च पुष्कळदा फीपेक्षा जड असतो.

या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या पाहिजेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, या दोन्ही २०१६-१७ पासूनच्या. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्यानंतर आली. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या नीट वाचून अर्ज करावा.

पण घोडे अडते ते कागदांवर. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. अल्पभूधारक दाखला, सातबारा, आठ-अ, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, नॉन क्रिमीलेअर. बँक खात्याला आधार जोडलेले हवे. यातला एक कागद राहिला तर अर्ज परत. पोरगे सोलापुरात, कागद तहसीलमध्ये, आणि बाप पेरणीत. शिवाय निर्वाह भत्ता हातात पडतो तो कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर. तोवर घरमालक थांबत नाही आणि खानावळवालाही थांबत नाही. पैसे उशिरा देणारी योजना आणि वेळेवर मिळणारी कॉट यांत फरक हाच. कॉट आजच झोपायला मिळते.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात आणखी एक भर घातली. चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आला. पदव्युत्तर शिक्षणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे तास आले. कल्पना चांगली आहे. पण चौथे वर्ष म्हणजे मेसचे आणि खोलीचे आणखी एक वर्ष. कामाचा अनुभव घ्यायला शहरात राहावे लागणार. धोरण ठरवणाऱ्यांनी अभ्यासाचे तास मोजले, मुक्कामाचे दिवस कोण मोजणार?

पाणी आणि शेजार

आवार वाढले की पाणी लागते. सोलापूरकरांना हे सांगायला नको. नळाला काही दिवसांआड पाणी, हे या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. शेकडो मुलांचे वसतिगृह बांधायचे तर टँकरवर भरवसा ठेवून चालणार नाही. याबाबतीत कोल्हापूरचे उदाहरण घेण्यासारखे आहे. शिवाजी विद्यापीठाने आपल्या ८५० एकरांवरच्या आवारात तळी, विहिरी, शेततळी करून पावसाचे पाणी अडवले. माळावर पडलेले पाणी माळातच जिरवायचे, हे आपण बांधबंदिस्तीत करतो तेच काम त्यांनी केले. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रे बुडाली, तेव्हा या विद्यापीठातले पाणी शहरातल्या लोकांना कामी आले. आपला जिल्हा तर अवर्षणाचा. इथल्या विद्यापीठाच्या माळावर पाणी अडवण्याचे काम इमारतीच्या आधी व्हायला हवे.

दुसरी बाजू शेजारच्या वस्तीची. विद्यापीठ आले की आजूबाजूला खोल्या उठतात, चहाच्या टपऱ्या, झेरॉक्स, खानावळी निघतात. जमिनीला भाव येतो. शेजारच्या लोकांना चार पैसे मिळतात, ते मिळू देत. पण एकेका खोलीत पाच-सहा पोरे, एक संडास, पाण्याची बोंब, रात्री रस्त्यावर दिवा नाही, ही सोय नव्हे. आवारात पुरेशी वसतिगृहे असली की बाहेरचे भाडेही आपोआप आवाक्यात राहते. नसली, की घरमालक म्हणेल तो भाव. बाजार समितीत माल जास्त आला की दर पडतो आणि कमी आला की चढतो, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

गावाने काय करावे

विद्यापीठाचा कारभार हा आपला विषय नाही, असे गावाने समजू नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने काही दारे उघडी ठेवली आहेत, ती ठोठावायला हवीत.

पहिली गोष्ट. या कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. अधिसभेपुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो. आपल्या गावात पदवीधर किती? पंचवीस-तीस तरी निघतील. त्यांतल्या किती जणांनी मतदार म्हणून नाव नोंदवले? सोसायटीच्या निवडणुकीला आपण मुंबईहून माणूस आणतो. या निवडणुकीला गावातला पदवीधरही जात नाही. नाव नोंदवा आणि मत मागायला येणाऱ्याला एकच विचारा, "या वर्षी किती कॉटी वाढवणार?"

दुसरी गोष्ट. विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कुठे महाविद्यालय हवे, कुठला अभ्यासक्रम हवा, हे त्यात ठरते. लांबच्या तालुक्यांत पदव्युत्तर वर्गांची सोय वाढली, तर निम्मा प्रवास वाचेल. करमाळा, माळशिरस, सांगोला इथल्या ग्रामपंचायतींनी, पंचायत समित्यांनी तशी मागणी लेखी द्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते, ठरावाला आवक क्रमांक पडतो.

तिसरी गोष्ट एस.टी.ची. पहाटेची पहिली आणि संध्याकाळची शेवटची गाडी विद्यापीठाच्या वेळेशी जुळवून घ्यायची असेल, तर ग्रामसभेचा ठराव, सोबत विद्यार्थ्यांची नावनिशीवार यादी, आणि तो आगार व्यवस्थापकाकडे. पुण्याच्या रस्त्याने येणाऱ्या गाड्यांना विद्यापीठाच्या दारात थांबा असावा आणि तो पाळला जावा, हेही त्यात लिहा. चार-पाच गावांनी एकत्र ठराव दिला तर त्याला वजन येते.

चौथी गोष्ट तलाठी भाऊसाहेबांची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांची, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची. मे महिन्यात, बारावीचा आणि पदवीचा निकाल लागायच्या सुमारास, गावात एक दिवस दाखल्यांचे शिबिर घ्यावे. पुढे शिकणाऱ्या मुलांची यादी करावी, कोणाचा कुठला कागद नाही ते तिथेच लिहून घ्यावे, आणि जूनच्या आत हातात द्यावा. याला वेगळा निधी लागत नाही, इच्छा लागते. एक दाखला वेळेवर मिळाल्याने एक पोरगी शिकली, तर त्या अधिकाऱ्याचे नाव त्या घरात कायम निघेल.

विद्यापीठानेही काही गोष्टी मनावर घ्याव्यात. नवीन विभाग काढताना त्याच प्रस्तावात वसतिगृहाच्या जागा दाखवाव्यात. मुलींचे वसतिगृह आवाराच्या आत, रेक्टरच्या नजरेखाली असले की निम्मे आई-बाप तिथेच राजी होतात. वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे एकदम न घेता हप्त्याने घ्यावेत आणि मोठा हप्ता उसाच्या बिलानंतर ठेवावा. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असावे. सकाळचा पेपर ठेवताना लांबच्या तालुक्याची पहिली गाडी किती वाजता पोचते, ते एकदा पाहून घ्यावे. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुले दरवर्षी सात दिवसांच्या शिबिराला गावात येतात. १९६९ पासून ही योजना चालू आहे. गाव त्यांना देवळात, शाळेत उतरवते, घरोघर भाकऱ्या मागून जेवू घालते. पन्नास पोरांची सात दिवसांची सोय एखादे लहान गाव आनंदाने करते. मग जिल्ह्याच्या विद्यापीठाला आपल्या गावच्या पोरांची दोन वर्षांची सोय करणे अवघड का जावे?

पुढच्या वेळी विद्यापीठाच्या नव्या इमारतीची बातमी वाचाल, तेव्हा एकरांचा आणि मजल्यांचा आकडा वाचून पान उलटू नका. त्या बातमीत कॉटींचा आकडा शोधा. तो नसेल, तर आपल्या भागातल्या अधिसभा सदस्याला एक कार्ड लिहा, फोन करा, ग्रामसभेत विषय काढा. जागेची मोजणी झाली, इमारतींची झाली. आता आपल्या लेकरांच्या अंथरुणाची मोजणी करून घेण्याची वेळ आली आहे, आणि तो हिशेब मागण्याचा हक्क गावाचा आहे.